पैकीच्या पैकी चूक

दाताच्या दवाखान्यात दिवसभर उभं राहून काउंटरबाईंचे पाय संध्याकाळपर्यंत असे सुजायचे, की चपलेचे पट्टे कातडीवर उमटून राहायचे. काउंटरमागे खुर्ची होती, नाही असं नाही. पण फोन एका टोकाला, औजारं उकळायचं मशीन दुसऱ्या टोकाला आणि समोर गालावर हात धरून कण्हणारी माणसं. बसणार कधी? घरी आल्यावर कुकर लावायचा आणि शिट्या होईपर्यंत नवऱ्याला इंग्रजी शिकवायचं, हे दिवसातलं शेवटचं आणि सगळ्यांत जड काम.

नवरा चावीवाला. रस्त्याच्या कोपऱ्यावर टपरी, चाव्या कापायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. हाताला यश असं, की कुलूपसुद्धा त्यांना ओळखतं म्हणायचे लोक. खोट एकच. माणूस भिडस्त. जेवणाच्या ताटावर कुणी बोलवायला आलं, की घास टाकून हात धुवायचे आणि चालू पडायचे. कुणाचं कपाट अडकलेलं, कुणाची सासू न्हाणीघरात कोंडलेली. नन्नाचा पाढा त्यांनी जन्मात घोकला नव्हता. भीड भिकेची बहीण, असं काउंटरबाई सारख्या ऐकवायच्या आणि ते त्यालाही 'बरं' म्हणायचे.

लेक परदेशात होती. तिला मूल झालं आणि तिने परस्पर ठरवून टाकलं, की आई-बाबांनी आता इकडेच यायचं, कायमचं. तिथल्या सरकारची अट अशी, की येणाऱ्याला इंग्रजी परीक्षा पास करावी लागते. काउंटरबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या, कारण दवाखान्याच्या फोनवर बोलून बोलून जीभ वळलेली. चावीवाले दोनदा आपटले. बोलणं बरं, वाचणं ठीक, पण क्रियापदामागून कोणता छोटा शब्द लावायचा, ते दोनांतून निवडायच्या भागात भोपळा. दोन्ही वेळा भोपळा. आता तिसरी आणि शेवटची खेप राहिली होती. ती गेली, की दोघांनी मिळून जायचा विषय संपला.

काउंटरबाईंना स्वतःला जायचं होतं का? ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच स्वतःला विचारायचं तर तेवढी फुरसत लागते.

"हं, बोला," एक पाय स्टुलावर चढवून त्या सुरू करायच्या. "वेट. कुणाची तरी वाट बघायची. वेट टू की वेट फॉर?"

चावीवाले कानसेने चावीची कड घासत विचार करायचे. "टू."

"फॉर! काल घसा फोडून सांगितलं. बरं, लिसन टू की लिसन फ्रॉम?"

"फ्रॉम."

"अहो, टू! डिपेंड ऑन की डिपेंड विथ? आपण काय म्हणतो? कशावर अवलंबून? वर म्हणजे ऑन. हे तरी आपल्यासारखंच आहे की!"

"विथ," असं म्हणून ते बायकोच्या तोंडाकडे बघायचे. "नाही का? मग लाफ टू असणार. आपण एखाद्याला हसतो."

"तिथे अ‍ॅट येतं."

"का?"

"ते मला नका विचारू. ज्यांची भाषा त्यांना विचारा."

"उद्या नक्की जमेल बघ."

उद्या पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून काउंटरबाईंचा हात नाही, पण जीव दुखायला लागला होता. कधी कधी शिकवता शिकवता त्यांचे डोळे मिटायचे, आणि चावीवाले हळूच उठून गॅस बंद करायचे. नवरा मायाळू आहे, डोक्याने जरा मंद, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं डोकं कुठे अडलेलं पाहिलं नव्हतं, ही गोष्ट दमलेल्या माणसाला आठवत नाही.

एके दुपारी दोन पेशंटांच्या मधे धाकटी डॉक्टर काउंटरपाशी चहा घ्यायला आली. तिने कसलीशी वरची परीक्षा दिली होती.

"कशी गेली?" काउंटरबाईंनी विचारलं.

"कसली जातेय! दोन-दोन पर्यायांचा अख्खा भाग होता आणि वाचलेलं काहीच नाही. डोळे मिटून खुणा केल्या."

"मग नापास?"

"छे हो. डोळे मिटून केल्या तरी निम्म्या बरोबर येतातच. सगळ्या चुकवायच्या म्हटलं तर आधी सगळं यायला हवं!" ती हसली आणि कप ठेवून आत गेली.

काउंटरबाई हसल्या नाहीत. फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला. दोन परीक्षा आणि घरातल्या इतक्या सगळ्या संध्याकाळी. चुकूनमाकूनसुद्धा एक उत्तर बरोबर नाही? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे त्यांची आई म्हणायची. आपण इतके महिने सोंगाला हलवत बसलो होतो तर.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पाय स्टुलावर घेतला नाही. समोर बसून नेहमीसारखे प्रश्न विचारले आणि पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ आधी एका शब्दासाठी वळायचे, मग थांबायचे, आणि बाहेर दुसराच शब्द पडायचा. दर वेळी.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता सगळी बरोबर सांगा."

कानस थांबली. मग खाल मानेने, एका सुरात चावीवाल्यांनी म्हणून टाकलं, "वेट फॉर. लिसन टू. डिपेंड ऑन. लाफ अ‍ॅट. बिलीव्ह इन. लुक आफ्टर. अपॉलोजाइज फॉर." शेवटची दोन-तीन काउंटरबाईंनी अजून शिकवलीच नव्हती.

"कधीपासून येतंय?"

"पहिल्या परीक्षेच्या आधीपासून."

"आणि मग हे काय?"

"मला नाही जायचं गं. तिथे म्हणे दारं आकडे दाबून उघडतात. मी दिवसभर करायचं काय? पण पोरीला नाही म्हणवेना. आणि तू एवढी दमून शिकवायला बसायचीस, तुला तर त्याहून म्हणवेना."

"माझे पाय दिसत नव्हते तुम्हाला?"

"दिसायचे."

काउंटरबाईंना राग आला, पण रागापेक्षा वाईट वाटलं. नवऱ्याला जायचं नाही, याचं नाही. आपल्या संध्याकाळी त्याने उघड्या डोळ्यांनी वाया जाऊ दिल्या, याचं. ओरडायला सुरुवात करणार तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"घ्या," त्यांनी फोन पुढे केला. "सांगा तिला. मराठीत सांगायचंय, तिथे काही अडणार नाही तुमचं."

चावीवाल्यांनी दोनदा घसा खाकरला. "बाळ, माझं यायचं जमणार नाही. म्हणजे... मला यायचं नाहीये." एवढं बोलून त्यांना घाम फुटला. मग पलीकडून लेक काहीतरी म्हणाली, ते तिचं ऐकून घेत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते उठले.

"तुझं काय म्हणून विचारतेय," फोन बायकोच्या हातात देत ते म्हणाले. "सांगून टाक, आपलं दोघांचं नाही म्हणून. मी पानं घेतो."

काउंटरबाईंनी फोन कानाला लावला. "हो गं," त्या म्हणाल्या. "मी येते. माझी परीक्षा झालीय की. तू पुढचं बघायला लाग."

चावीवाले दोन ताटं हातात घेऊन उभे राहिले. फोन बंद झाल्यावरही त्यांना ती खाली ठेवायचं सुचलं नाही.

"तू एकटी? मला वाटलं, मी नापास झालो की तूही राहशील."

"राहिले असते," काउंटरबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तोंडाने म्हणाला असतात, तर आनंदाने राहिले असते. मला तरी कुठे जायचं होतं?"