पेन्सिलीने भरायच्या जागा

माझ्या वडिलांकडे गाळलेल्या जागांची एक वही होती. कोणीतरी, कोणीच नाही, काहीतरी, सगळं, असे पोर्तुगीज शब्द मुलांकडून घोटवून घेण्यासाठी. वाक्यं बाबांनी शाईने लिहिलेली, जागा मात्र मुलांनी पेन्सिलीने भरायच्या. तपासून झालं की बाबा खोडरबराने उत्तरं पुसत आणि वही पुढच्या मुलाला देत. माझ्यापर्यंत ती आली तेव्हा जागांपाशी कागद इतका झिजला होता की मागचं अक्षर दिसे.

माझ्यामागे कोणी उरलं नव्हतं. फिरंगी सिल्वासातून गेले, बाबांच्या शाळेत मराठी-गुजराती आलं आणि बाबांना कचेरीत जुने पोर्तुगीज कागद वाचून सांगायला बसवलं. संध्याकाळी ओट्यावर मी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी. ‘आल्गें’ म्हणजे कोणीतरी, ‘निंगें’ म्हणजे कोणीच नाही, असं मी घोकत असताना जवळच्या आमली वस्तीकडे जाणाऱ्या मैत्रिणी थांबून हसत.

"काय गं फिरंगीण, गोरा साहेब येणार का तुला न्यायला?"

माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावर. त्यात नववीत मुंबईहून आलेल्या बाई नाटक बसवत होत्या आणि मला चांगलं मोठं काम मिळालं होतं. तालीम नेमकी वहीच्या वेळेला. मी बाबांना सांगून टाकलं, "मी नाही बसणार आता."

"एवढी वही पुरी कर, बाय," ते म्हणाले. "मग जा."

पुरी करायची ना? दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची दौत उघडली आणि सगळ्या जागा शाईने भरून टाकल्या. एकही सोडली नाही.

संध्याकाळी बाबांनी वही उघडली. सवयीने खोडरबर मुठीत होता. एकेक पान उलटत ते शेवटपर्यंत गेले.

"सगळी बरोबर आहेत," म्हणाले. खोडरबर सदऱ्याच्या खिशात टाकला. "जा, तालमीला उशीर होईल."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी खुशीत होते. सुंठीवाचून खोकला गेला, असं मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. त्यानंतर बाबांनी घरात पोर्तुगीजचं नाव काढलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आज त्या मुलीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

मी मॅट्रिकला असताना बाबा गेले, चार दिवसांच्या तापात. कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलाच्या खणातलं सामान घेऊन आला: चष्म्याचं घर, पानाची डबी आणि एक वही. नवी होती. तीच वाक्यं, त्याच क्रमाने पुन्हा लिहिलेली, शेवटच्या पानांवर अक्षर कापरं झालेलं. जागा सगळ्या कोऱ्या. आत तो खोडरबर. ती माझ्यासाठीच होती, दुसरं होतं कोण त्यांना?

तेरावं झालं, पाहुणे पांगले. संध्याकाळी मी पेन्सिलीला टोक केलं आणि ओट्यावर जाऊन बसले. पहिल्या पाच जागा भरल्या. सहावीला अडले. बराच वेळ आठवून पाहिलं, आणि वहीतून मान वर न करता आत हाक मारली,

"बाबा, इथे काय येतं?"

आत आई चहा गाळत होती. तिचा हात थांबलेला मला ऐकू आला.