थुंकीवाल्या मॅडम

संशोधनाचं एक बरं असतं. निष्कर्ष दोन पानांत मावतात. किस्से मात्र कपाट भरलं तरी उरतात!

पनवेलच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. एअरपोर्ट येणार, एअरपोर्ट येणार म्हणून सगळीकडे चर्चा चाललेली, ते दिवस. आमच्या सुनंदा मॅडमना एक प्रोजेक्ट मिळाला. विषय होता, माणूस मुळात कुठून निघाला आणि फिरत फिरत या किनाऱ्यावर कसा पोचला. त्यासाठी पनवेल-उरणच्या गावोगावी जाऊन लोकांची थुंकी गोळा करायची, म्हणजे तिच्यातून डीएनए काढता येतो. टीममध्ये मॅडम, मी, आमचा लॅब असिस्टंट प्रशांत आणि जीप चालवणारे रफिकभाई. आता आम्ही चौघं भेटलो की डीएनएचा विषयसुद्धा निघत नाही. निघतात ते किस्सेच.

* * *

आमच्या लॅबमध्ये प्लास्टरच्या कवट्यांची एक रांग होती. डावीकडे माकडासारखा पूर्वज, मग निअँडरथलसारखे आदिमानव, असं हळूहळू सुधारत शेवटी आजचा माणूस. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार म्हणून शिपाई मामांनी आदल्या दिवशी सगळ्या कवट्या खाली काढून पुसल्या आणि परत मांडल्या.

समितीचे अध्यक्ष रांगेसमोर थांबले. आजचा माणूस मधेच कुठेतरी, आणि सगळ्यात शेवटी, मानाच्या जागी, निअँडरथल!

मॅडमचा चेहरा पडला. मामा पुढे झाले. "सायेब, ज्याचं डोकं मोठं त्याला शेवटी ठेवलाय. वर चढत जातात ना?"

अध्यक्षांनी एकदा आमच्या प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा कवटीकडे. म्हणाले, "राहू द्या. वर चढलेल्यांत असे बरेच पाहिलेत मी!"

* * *

तोच निअँडरथल पिशवीत घालून प्रशांत एकदा बाईकवरून पेणच्या शाळेत निघाला होता. तिथे मॅडमचं व्याख्यान होतं. पळस्पे फाट्यावर नाकाबंदी. हवालदाराने पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे सरकला.

"कोण आहे हा?"

"निअँडरथल, साहेब."

"आडनाव नको. नाव सांग!"

"साहेब, खरा नाही हा, प्लास्टरचा आहे. खरा जर्मनीत सापडला."

"मेला कधी?"

"चाळीस हजार वर्षं तरी झाली असतील."

हवालदाराने कवटीवर टिचकी मारून पाहिली. मग पिशवीची गाठ स्वतः मारून दिली. "मग आपलं स्टेशन व्हायच्या आधीची केस आहे. जा!"

* * *

करंजाच्या बंदरात आम्ही पोचलो ते नेमके लिलावाच्या वेळेला. होड्यांतून ताजं मावरं उतरत होतं, आरडाओरडा चाललेला. हिराबाई नावाच्या एका कोळणीसमोर मॅडम उकिडव्या बसल्या आणि शांतपणे समजावू लागल्या. "मावशी, या नळीत थोडं थुंकायचं. त्यावरून आम्हाला कळतं, तुम्ही मुळात कुठून आलात."

हिराबाईंनी कोळंबीच्या टोपलीवरची नजरसुद्धा हलवली नाही. "त्याला थुकाया कशाला पायजे? मी मोरा गावची. लगीन करून हितं आले."

"तसं नाही मावशी. त्याच्याही आधी?"

"त्याच्या आदी मी ल्हान होते!"

मॅडमनी नळी बंद केली आणि कोळंबीचा भाव विचारला.

* * *

थुंकी मागितली की येत नाही, हा शोध आम्ही लावला. तंबाखू खाऊन दिवसभर रस्ता रंगवणारे लोक! पण हातात नळी दिली की तोंडाला कोरड. उरणजवळच्या एका गावात समाजमंदिरात माणसं नळ्या घेऊन ओळीने बसलेली, आणि नळ्या रिकाम्या.

प्रशांत उभा राहिला. "डोळे मिटा. कैरी आणली. कच्ची. हिरवीगार. चार फोडी केल्या. वर मीठ, वर तिखट..."

भराभर नळ्या भरू लागल्या. प्रशांतला चेव आला. कैरीवरून चिंचेवर, चिंचेवरून बोंबलाच्या कालवणावर. मॅडमनी स्वतः दोनदा आवंढा गिळला.

दारात बसलेले रफिकभाई कळवळून म्हणाले, "मॅडम, खुदा के वास्ते ह्याला गप्प करा. माझा रोजा आहे!"

* * *

आमच्या स्टाफरूमच्या फ्रीजमधून मॅडमची ताकाची बाटली रोज कुणीतरी संपवायचं. चिठ्ठ्या लावल्या, प्राचार्यांना सांगितलं, उपयोग शून्य. मग लॅबचा फ्रीज बिघडला, म्हणून नळ्या तात्पुरत्या स्टाफरूममध्ये हलवल्या आणि तिथल्या फ्रीजच्या दारावर लेबल लावलं, 'आत अनेक गावांतील नागरिकांची थुंकी आहे.'

त्या दिवसापासून ताक जागच्या जागी!

लॅबचा फ्रीज दुरुस्त झाला, नळ्या परत गेल्या. लेबल मात्र मॅडम रिटायर होईपर्यंत होतं.

* * *

आणि शेवटी कोन गावाच्या पुढच्या एका गावातली सभा. निष्कर्ष आले की गावात येऊन सांगू, असा शब्द मॅडमनी दिला होता आणि त्या शब्दाला पक्क्या. देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं. पुढे गणपततात्या पाटील, गावचे जुने पुढारी. जमिनींच्या मोर्च्यांत काठ्या खाल्लेला माणूस. एअरपोर्टसाठी जमिनींची मोजणी चालू होती, आणि 'आम्ही भूमिपुत्र' हा बोर्ड गावच्या वेशीवर ताजा रंगवलेला.

मॅडमनी भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला. आफ्रिकेतून निघालेला एक लाल बाण अरबस्तानाला वळसा घालून, किनाऱ्या-किनाऱ्याने थेट कोकणात उतरत होता. "आपण सगळे," मॅडम भारावून म्हणाल्या, "तुम्ही, मी, सगळं जग, मूळचे तिथले!"

टाळ्या नाहीत.

तात्या उठले. नकाशाजवळ गेले. बोट बाणाच्या टोकावर ठेवलं आणि मागे मागे नेत आफ्रिकेपर्यंत आणलं.

"म्हंजे मॅडम, आमी हितलं नाय?"

"आहात की! पण फार फार पूर्वी..."

"तुमी बी नाय?"

"मीही नाही."

"आनि ते मोजनीवालं सायेब?"

"तेसुद्धा नाहीत."

तात्यांनी वळून गावाकडे पाहिलं. मग भिंतीवरचा नकाशा स्वतःच्या हाताने उतरवला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी मॅडमना परत दिला.

"च्या घ्या मॅडम. आमच्यासाटी लय केलंत. पन ह्यो नकाशा सरकारला दावू नका. उद्या बोलतील, जावा, तुमची जमीन तिकडं हाय!"