खुडलेल्या कळ्या

काका बुकबाइंडर. चाळीस वर्षं पुस्तकं शिवून त्यांच्या बोटांना खळीचा वास कायमचा चिकटला होता. काम सुटलं तेव्हा माळावरच्या निळ्या रानफुलाचं बी रुमालाच्या टोकाला बांधून आणलं, खिडकीसमोर पेरलं आणि काकूंना बजावलं, "पहिली दोन वर्षं कळी दिसली की खुडायची. जोर मुळात उतरू दे. मग दरवर्षी आपलं आपण फुटेल."

"म्हणजे फुलझाड लावायचं आणि फुलं बघायची नाहीत! तुमचा कारभारच उफराटा."

"अगं, शिवण कच्ची ठेवून पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं काढू का?"

पहिल्या वर्षीच्या कळ्या त्यांनीच खुडल्या. दुसऱ्या वर्षी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन महिन्याभराची मुदत सांगितली. काकूंनी देवापुढे हात जोडले आणि ठरवलं, यांचं एकही काम चुकवायचं नाही. औषधं, अंग पुसणं, झाडाला पाणी. काका म्हणाले, "पलंग खिडकीशी घे, उजेड हवा." तोही घेतला.

एका सकाळी कळ्या टपोऱ्या दिसल्या, टोकाशी निळी कड. काकूंनी एकेक करून सगळ्या खुडल्या आणि ओंजळ भरून आत आल्या.

"बघा, विसरले नाही हं तुमचं सांगणं. चांगल्या बावीस निघाल्या."

काका ओंजळीकडे बघत राहिले. मग खिडकीकडे.

"शहाणी आहेस," ते म्हणाले. "वाटीत पाणी घालून ठेव. उमलतील एखादवेळेस."

पलंग कशासाठी सरकवला होता, ते काकूंना तेव्हा कळलं.

"सांगायचं तरी होतंत हो!"

"नियम माझाच. कोणत्या तोंडानं मोडू?" म्हणाले, आणि वर हसले.

वाटी औषधांच्या स्टुलावर राहिली. काकू घटकेघटकेला डोकावत. देवाला म्हणाल्या, माणूस राहू दे म्हणून हट्ट धरत नाही, एवढी एक कळी उघड. त्याच्या मनात काय होतं, त्यालाच ठाऊक. कळ्या मिटल्या मिटल्याच काळवंडल्या. चौथ्या दिवशी काका गेले.

यंदा झाड असं फुललंय की पान दिसत नाही. शेजारीण कुंपणाशी थबकली. "काकू, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मूळ पक्कं झालंय," एवढंच म्हणाल्या.