काकींची घंटी आणि माझं डोकं

आता तुमच्यापासून काय लपवायचं! पंधरा वर्षं सर्किटं डिझाइन करतोय, आणि नाक कापून घेतलं ते परळला, स्वतःच्याच मजल्यावर!

शेजारच्या सावंतकाकींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी एकट्या, मुलगा पुण्याला. म्हटलं, आपण त्यांना बिनतारी घंटी करून देऊ. त्यांनी बटण दाबलं की माझ्या घरी वाजेल. आत छोटी बॅटरी, चार्जिंगला यूएसबी. झकास!

दोन दिवसांत घंटी गप्प. माझ्या टेबलावर चार्ज केली, तर ठणठणीत! परत दिली, परत गप्प.

"काकी, चार्जिंगला लावता ना?"

"लावतंय रे! पुण्याच्या झिलान दिलेल्या नव्या चार्जरार."

"मग तुमच्या वायरिंगमध्येच लोचा आहे."

काय तो आत्मविश्वास! वायरमन आणला. त्याने सगळे बोर्ड उघडले, भिंतीचा पोपडा पाडला आणि म्हणाला, "साहेब, लाइन ओके आहे. तुमचं यंत्र बघा की."

"ते मी स्वतः डिझाइन केलंय!" मी त्यालाच झापलं.

आठवड्याने भरदुपारी घंटी वाजली. धावलो. काकी स्वयंपाकघरात घसरून पडलेल्या! उचललं, डॉक्टरांकडे नेलं. देवाची कृपा, नुसता मुका मार.

घरी परतल्यावर माझी ट्यूब पेटली. "काकी, घंटी वाजली कशी?"

"टॉर्चाच्या जुन्या चार्जरान चार्ज केलंय. नव्यान होयना, म्हणान तो लावन बघितलंय."

झालं! अहो, दोन्हीकडे बारीक टोकांची वायर असलेला नवा चार्जर आधी विचारतो, 'पलीकडे कोण?' उत्तर द्यायला बोर्डावर दोन चिमुकले रेझिस्टर लागतात. नसले तर तो वीजच सोडत नाही. जुना चार्जर बिचारा काही विचारत नाही. माझ्या टेबलावर जुनाच! आणि ते दोन रेझिस्टर? मी टाकलेच नव्हते!

"मग नव्याने होत नाही, हे मला सांगितलंत का नाही?"

"तू येवढो शिकलेलो. तुका वायट वाटात म्हणान बोलूक नाय."

माझे डोळे भरून आले. काकींना तो प्रयोग सुचला नसता तर? मी त्यांच्या पायाच पडलो.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन. "दादा, तुमच्यामुळे आई वाचली!"

मी सगळं खरं खरं सांगितलं. मग तो म्हणाला, "तुम्ही नोकरी कुठे करता म्हणालात?"

"चार्जर बनवणाऱ्या कंपनीत."