ज्याचा त्याचा भोग

आपल्या भाषेत अपघाताला धड एकच शब्द आहे आणि नशिबाला पोतंभर. दैव, कपाळ, प्राक्तन, संचित, विधिलिखित, भोग, योग. ज्याला जो परवडेल तो त्यानं उचलावा. आमच्या गल्लीतल्या झाकणांच्या कारखान्याच्या मालकाला 'नियती' आवडते. कामगाराचं बोट गेलं की तो खुर्चीतून उठतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, नियतीपुढे कुणाचं चालतं. शिकलेली माणसं 'प्राक्तन' म्हणतात. म्हणजे चूक मागच्या जन्मातली, या जन्मातल्या कारखान्यात डोकावायला नको.

त्याच कारखान्यात काम करणाऱ्या मावशीकडे हे सगळे शब्द होते आणि तिनं एकेकाला कामं वाटून दिली होती. बस चुकली की 'फुटकं नशीब'. कुणाचं लग्न जमलं की 'योग'. दुखणं आलं की 'भोग'. पाहुणे दारात आणि दूध नासलं, तर 'कर्म माझं'. नवऱ्याचा विषय निघाला की शब्दच नाही, नुसता तळहात कपाळावर. न मागता काही चांगलं पदरात पडलं तर 'दैव' म्हणायचं, पण ते म्हणायची वेळ तिच्यावर फारशी आली नाही.

तिच्या उजव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी आहे. मधलं सगळं प्रेसनं नेलं. त्याला मात्र ती 'ललाटीचा लेख' म्हणायची. एवढा जड शब्द ती दुसऱ्या कशालाच वापरत नसे. मला संशयाचा वास आला तो तिथंच.

प्रेस म्हणजे पत्र्याची झाकणं कापणारं मशीन. त्याला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही. ज्यानं ते बनवलं तो शहाणा होता: दोन्ही हात बटणावर असले की आत कुठला हात जाणार? पण त्यानं काम हळू होतं. मग कुणीतरी एका बटणाला लाकडाची पाचर मारतं, ते कायमचं दाबलेलं राहतं. एक हात बटणावर, दुसरा आत. झाकणं दुप्पट.

हात गेल्यावर मावशीला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथं ती बायकांना हसवायची. म्हणायची, मला नेलपॉलिशची बाटली जन्मभर पुरेल. तिचा नवरा त्याच कारखान्यात मिस्तरी. मशीनं दुरुस्त करणारा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. पण ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून तिची वेणी तोच घालतो. दाराशी बसून, तेल लावून, तीन पेड अगदी सारखे. गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारताना त्याचं उदाहरण देत.

आणि मग त्यांच्या पोरीला त्याच प्रेसवर बसवायचं ठरलं. पोर हाताची चपळ, बोलायला त्याहून चपळ. मी कामगार संघटनेतर्फे सरकारी ऑफिसात जाऊन भांडलो, टेबलं वाजवली, आणि तपासणीचा साहेब येणार हे वदवून घेतलं. साहेब मशीन बघणार आणि मावशीला हात कसा गेला ते विचारणार. ती खरं बोलली तर ते मशीन बंद होणार. आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो.

"या पुढारी," ती म्हणाली. मिस्तरी घरात नव्हता. मी सरळ विचारलं, बटणाला पाचर होती ना? ती भांडी आवरत होती. पाचर होती म्हणाली. मालकानं सांगितली आणि मिस्तरीनं ठोकली, स्वतःच्या हातानं.

मी भडकलो. मग इतकी वर्षं हे ललाटीचं काय लावलंय, असं ओरडलोच तिच्यावर.

"तुला काय जातंय ओरडायला," ती म्हणाली. "मी कपाळाला दोष दिला नसता, तर त्याच्या हातात माझे केस दिले असते का? एका ताटात जेवले असते का? मला घर चालवायचं होतं."

मी म्हणालो, आता पोरीचा हात आहे. तिनं मान डोलावली. सांगते म्हणाली.

साहेब आला. बटणांना ताजा पिवळा रंग, पाचर गायब. दोन्ही बटणं नव्या नवरीसारखी आज्ञाधारक. पोरीनं दोन्ही हातांनी झाकणं काढून दाखवली. मग साहेबानं पॅकिंगच्या टेबलाशी येऊन विचारलं, बाई, हे कसं झालं? मावशीनं हात टेबलाखाली घेतला. साहेबामागे मिस्तरी पाना घेऊन उभा होता. ती त्याच्याकडं बघत होती आणि तो जमिनीकडं.

"ललाटीचा लेख, साहेब," ती म्हणाली. "त्याला कोण काय करणार?"

साहेबानं हळहळ दाखवली, थंड काहीतरी प्यायला आणि गेला. वॉचमननं मला अर्ध्या उघड्या शटरबाहेर काढलं; प्रेस तिथून चार पावलांवर होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसा मिस्तरीनं खिशातून पाचर काढली आणि पान्याच्या उलट्या बाजूनं एका बटणात ठोकली. पोर खुर्ची पुढं ओढून बसली.

मी शटरमधूनच बोंबललो, की अगं पोरी, आईचा हात बघ आणि मग बस.

ती हसली. "भाऊ, तो आईचा भोग होता, तिनं भोगून संपवला. ज्याचा त्याचा भोग. माझं नशीब बाबांवर गेलंय. त्यांचे हात बघा, दहाची दहा बोटं."

बायका हसल्या. मावशी हसली नाही. घरातला तो जड शब्द पोर ऐकत मोठी झाली होती, आणि त्यातून ती हे शिकली होती, की मशीन माणूस बघून बोटं नेतं.

प्रेस सुरू झाला. डावा हात बटणावर, उजवा आत, बाहेर, आत. मावशी टेबलावरून उठली आणि पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली. हात लावला नाही. प्रेसवर बसलेल्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, दचकला की संपलं. ओरडायचंही नसतं. म्हणून रोज भाजीत मीठ बघ म्हणते त्या आवाजात ती म्हणाली,

"भोग नव्हता तो. पाचर होती. तुझ्या बापानं ठोकलेली."

"आई, एवढा गठ्ठा संपू दे," पोर मागं न बघता म्हणाली. तिला वाटलं, आईचं आपलं काहीतरी.

मावशी नवऱ्याकडं वळली. मेन स्विचची पेटी कुलपात होती, किल्ली त्याच्या कमरेला.

"स्विच पाड," ती म्हणाली.

मिस्तरीचा हात किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यानं मालकाच्या काचेच्या केबिनकडं पाहिलं. मालक आत फोनवर बोलत होता, त्यानं इकडं पाहिलंही नाही. मावशी फक्त बघत होती, त्याच्या कमरेकडं. मागं पोरीनं पुढचा पत्रा उचलला.