ब्रेकवरचा पाय

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायचा-उतरायचा होता आणि आमच्या जुन्या फोर-व्हील जीपचा ब्रेक नरम लागत होता. चांदूर बाजारच्या मिस्त्रींनी मला ब्रेक दाबून धरायला बसवलं.

"मी नट कसल्याबिगर पाय उचलू नका, हवा परत ब्रेकच्या नळीत जाते," असं बजावून ते सगळ्यांत लांबच्या चाकाखाली शिरले. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, तरी ब्रेक नरमच.

"ब्रेकचं मास्टर सिलिंडरच गेलं वाटते. बदलाव लागीन."

मी ओशाळून म्हणालो, "काका, तिसऱ्या चाकाले माझा पाय आधीच उठला होता."

"शिकलेला मानूस हे सांगत नाही. गाडीलेच नाव ठेवते." पाना घेऊन ते पुन्हा तिसऱ्या चाकाखाली शिरले.

घाटात प्रत्येक वळणावर ब्रेक घट्ट लागला. शेजारी आई निवांत झोपली होती.