अष्टमीचा उपवास आणि पोट साफ करायचं औषध

देवी माझं ऐकते की नाही, याची बायको गेल्यापासून मला शंकाच होती. तिच्या आजारपणात वणीच्या गडावर जाऊन मी रडलो होतो, तरी ती गेली. पण नवरात्रातला तिचा अष्टमीचा निर्जळी उपवास मी पुढे चालू ठेवला. त्यात भक्ती किती आणि हट्ट किती, देवीच जाणे. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचं एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

गेल्या वर्षी शौचातून रक्त पडू लागलं, म्हणून डॉक्टरांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगितली. तारीख आली नेमकी नवमीची. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायचं होतं. पुडी ग्लासभर पाण्यात घ्या, मग दर तासाला पाणी, सरबत, शहाळं पीत राहा, घरात कोणीतरी असू द्या, असं सिस्टरनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, पोट रिकामंच करायचंय ना, मग उपवास आयताच घडतोय! औषधाने काही उपवास मोडत नाही. पुडी घेतली, ब्लडप्रेशरची रोजची गोळीही घेतली आणि नंतर पाण्याला शिवलो नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुपारपर्यंत संडासाच्या फेऱ्यांनी जीव अर्धा झाला. मग पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. फोन टेबलावर होता, पण तिथवर जाता येईना. त्याहून वाईट म्हणजे, तो करायचा कोणाला हेच सुचेना. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. भिंतीला टेकून बसलो आणि देवीला म्हटलं, आई, माझं काही चालत नाही आता, तूच बघ.

दार नुसतं लोटलेलं होतं. नामपूरहून कांद्याचा टेम्पो घेऊन कॉलनीत आलेली एक बाई बाटलीभर पाणी मागायला आली आणि मला पाहून आतच शिरली.

“काय झायं, बाबा?”

“औषध घेतलंय. पाणी नको, उपवास आहे.”

तिने स्वयंपाकघरात जाऊन मीठ-साखरेचं पाणी केलं आणि पेला तोंडाला लावला. “माय काय इतली कठोर शे का? पानी प्या, बाबा.”

मी प्यालो. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावताना डॉक्टर चिडलेच. हे औषध अंगातलं पाणी ओढून घेतं, तुमची गोळीही लघवीवाटे पाणी काढते, किडनीवर बेतलं असतं, म्हणाले. सिस्टरनी विचारलं, नातेवाईक कोण? आम्हाला मूलबाळ नाही.

“मी त्यासनी पोर शे,” ती बाई म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

पुढे तपासणी नीट झाली, सांगितलं तेवढं पाणी पिऊन. एक छोटी गाठ निघाली, ती काढली. ती बाई पुन्हा भेटली नाही, आणि शरमेपायी मी नावही विचारलं नव्हतं. ती कांदे विकणारी बाईच होती, मी वेगळं काही सांगत नाही. पण तिला तहान माझ्याच दाराशी लागली, याला मी कृपा म्हणतो. देवीच्या नावाखाली मी माझाच हट्ट पुजत होतो. तो सुटला तेव्हा कुठे मला कोणाच्या हातचं पाणी घेता आलं. आता दिवा लावताना स्वतःसाठी काही मागत नाही. माझ्या लेकीला सुखात ठेव, एवढंच म्हणतो.